आई घेतेय ती 'शंभर टक्के नैसर्गिक' पावडर बंद करायला लावू का? (सोलापूर)

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

माझी आई सोलापूरला असते, जुळे सोलापुरात. वय 58. दिवाळीत वजन 78 किलो होतं. बीपीची गोळी सात वर्षांपासून, थायरॉइडची त्याच्याही आधीपासून. गुडघे दुखतात म्हणून वजन उतरवा, असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे आणि आई मान हलवून घरी यायची. यंदा गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर चालता चालता तिला दम लागला, मध्येच बसावं लागलं. तेव्हापासून तिने फारच मनावर घेतलं.

नात्यातल्या एक आत्या (बाबांची चुलत बहीण) भिशीत एक पावडर विकतात. हिरवा डबा, वर पानांचं चित्र, 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत'. महिन्याच्या डब्याला 2,400 रुपये. सकाळी उपाशीपोटी एक चमचा कोमट पाण्यातून. आईचं पाच आठवड्यांत सहा किलो उतरलं. भिशीत सगळ्यांनी कौतुक केलं, तिच्याकडे बघून आणखी चौघींनी डबा घेतला.

गेल्या शनिवारी मी पुण्याहून गेले तर आई रात्री दोन वाजता कपाटातली भांडी काढून परत लावत होती. झोपच येत नाही म्हणाली. तोंड सारखं कोरडं पडतं, उशाशी पाण्याचा तांब्या. शेंगापोळी तिच्या जिवाची, ती पुढ्यात ठेवली तरी हात लावला नाही. सकाळी घरातल्या मशीनवर बीपी घेतलं, 158/98. नाडी 104. अर्ध्या तासाने परत घेतलं, जवळजवळ तेवढंच. आई म्हणते, "अगं झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय? चाळीस वर्षांत पहिल्यांदा गुण येतोय आणि तुला तेच खुपतंय."

या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. झाडपाल्याने खरंच काही होत नाही का? आणि आत्यांना न दुखावता हे थांबवायचं कसं?

मालदांडी
आधी पावडर बंद. मग डॉक्टर, उद्याच्या उद्या, डबा बरोबर घेऊन. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवायची. बाकी चर्चा त्यानंतर करू.

सात_रस्ता
मालदांडीशी सहमत. नाडी 104 बसल्या जागी, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

चाटी_गल्ली
जरा थांबा. आईंनी डॉक्टरांकडे जावं हे मान्य, पण लगेच सगळ्या झाडपाल्याला आरोपी करू नका. मी स्वतः दोन वर्षं रात्री त्रिफळा आणि वैद्यांनी दिलेला गुग्गुळ घेतला. 91 वरून 82 वर आलो. झोप उत्तम, पोट साफ. आमच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून काम, तरी फरक पडला. रोज पहाटे होम मैदानाला पाच फेऱ्या मारायचो, हेही सांगतो.

सात_रस्ता
अण्णा, त्या पाच फेऱ्यांचा हिशेब कुणाच्या खात्यावर टाकायचा? :)

चाटी_गल्ली
दोघांच्या. :) पण फेऱ्या मारायला अंग हलकं वाटायला लागलं ते त्रिफळ्यानंतरच, एवढं खात्रीने सांगतो.

गणिताचे_सर
रानजाई, आईंच्या आकड्यांचा हिशेब मांडून बघितला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. सहा किलो म्हणजे 46,200. पाच आठवड्यांचे 35 दिवस, म्हणजे रोज साधारण 1,320 कॅलरींची तूट. त्यांच्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खर्च 1,700 धरला, तर त्या रोज 400 कॅलरींवर जगल्या. दोन भाकऱ्या आणि थोडी आमटी, झालं. किंवा उतरलेल्या सहा किलोंतला बराच भाग चरबी नव्हताच, पाणी होतं. तिसरा मार्ग गणितात बसत नाही. आता एक चमचा पावडर माणसाची भूक इतकी कशी मारते, हा प्रश्न जाणकारांना.

औषधवाला
मी 22 वर्षं औषधाच्या दुकानात आहे. नीट लिहितो, कारण अशी पावडर घेऊन काउंटरवर बीपीची गोळी वाढवून मागणारी ही पहिली आई नाही.

भूक मेली, तोंड कोरडं, झोप उडाली, बीपी वर, नाडी जोरात. ही पाच लक्षणं एकत्र दिसली की आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना एकच नाव आठवतं, सिब्युट्रामिन. हे झाडपाल्याचं नाही, कारखान्यात तयार होणारं औषध आहे. एके काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्याकडेही मिळायचं, मी स्वतः विकलंय. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे 10,000 लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त निघाले. 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढलं, 2011 मध्ये भारतात बंदी आली. बंदी आली तरी कच्चा माल संपला नाही. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूल आणि पावडरींत हे गुपचूप मिसळलेलं जगभरच्या औषध प्रशासनांना पुन्हा पुन्हा सापडलंय. कधी त्याच्याबरोबर फिनॉल्फ्थॅलीन असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी व्हायचं तेच. पूर्वी जुलाबाच्या गोळीत असायचं, कॅन्सरच्या शंकेवरून अमेरिकेत 1999 मध्ये काढून टाकलं.

आईंच्या डब्यात हे आहेच, असं मी म्हणणार नाही. ते फक्त प्रयोगशाळा सांगेल. पण मिसळणाऱ्याचा विचार समजून घ्या. खऱ्या वनस्पतीने पाच आठवड्यांत असा गुण येत नाही. गुण आला नाही तर दुसरा डबा खपत नाही. म्हणून जी पावडर फार लवकर, फार जोरात लागू पडते, तिच्यावरच मला जास्त संशय येतो.

डबा बघा. 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नाही; त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असायला हवं. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या परवान्याचा नंबर, बॅच, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा. आणि 'लठ्ठपणा बरा करतो' अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. सत्तर वर्षं झाली त्याला.

कंबर_तलाव
औषधवाला, हा प्रतिसाद छापून आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावतेय.

रानजाई
डबा बघितला (आईने फोटो पाठवला). मार्केटिंग करणाऱ्याचं नाव आहे, बनवणाऱ्याचं नाही. 14 आकडी नंबराच्या जागी 13 च आकडे आहेत, मी तीनदा मोजले. घटक म्हणून 'निवडक वनौषधींचे मिश्रण' एवढंच.

आज आई पावडर न घेता झोपलीय, माझ्यावर रागावून. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

हुरडा_पार्टी
वजन आणि सोलापूर हा विषय निघाला की मला शेंगाचटणीच आठवते. ती बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरला मी गाव बदलायला सांगेन. :)

मालदांडी
बंद नको, पण माप हवं. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 560 च्या वर कॅलरी. आमच्या घरी चटणीत वरून तेल आणि बरोबर दही. दोन मोठे चमचे म्हणजे एका भाकरीइतकं अन्न सहज होतं. माझ्या वडिलांना वाटायचं, कडक भाकरीने वजन उतरतं, कारण 'त्यात पाणी नसतं'. पाणी नसतं म्हणूनच तर ती हलकी लागते, ज्वारी तेवढीच!

हुरडा_पार्टी
पण चावायला वेळ लागतो की. मऊ भाकरी तीन जातात, कडक दोन होईतोवर जबडा दमतो. हा खरा फायदा.

मालदांडी
हे मात्र पटलं.

आयुष्यमान
मी वैद्य आहे, अक्कलकोट रोडला बसतो. औषधवाल्यांनी लिहिलं त्यातल्या भेसळीच्या भागाशी पूर्ण सहमत. या भेसळीचा सगळ्यात मोठा फटका आम्हालाच बसतो.

चरकसंहितेत सूत्रस्थानात अष्टौनिंदितीय नावाचा 21 वा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल माणसाचं वर्णन येतं: घाम, भूक-तहान जास्त, शरीराला जडपणा. उपाय काय सांगितलेत? जव, मूग, कुळीथ असं अन्न, मध, ताक, रूक्ष उद्वर्तन म्हणजे कोरडं उटणं, व्यायाम, झोप आवरती घेणं. औषधं आहेत, त्रिफळा आहे, पण ती या सगळ्याच्या पोटात. आणि माणूस बघून. भिशीतल्या बारा बायकांना एकच चमचा, ही पद्धत आयुर्वेदाची नाही. बीपी आणि थायरॉइडचा रुग्ण समोर आला तर त्याच्या चालू गोळ्या विचारल्याशिवाय मी चूर्णाची पुडीसुद्धा बांधत नाही.

अशा पावडरींत सोनामुखी हमखास असते. तिने पोट साफ होतं, काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस खूश होतो. ते गेलेलं पाणी असतं. रोज महिनोन्महिने घेतली तर पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. सोनामुखी पक्की नैसर्गिक आहे बरं का, शेतात उगवते.

इंटर्न_सोलापूर
वैद्यबुवा, आदर ठेवून विचारतो. गुग्गुळावर अमेरिकेत 103 लोकांचा अभ्यास झाला होता, 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलं, काहींना अंगावर पुरळ उठलं. मग वैद्यांनी दिलेला गुग्गुळ तरी किती भरवशाचा?

आयुष्यमान
प्रश्न रास्त आहे. त्या अभ्यासात गुग्गुळाचा अर्क वापरला होता, आठ आठवडे, कोलेस्टेरॉलसाठी. आम्ही शोधन (शुद्धीकरण) केलेला गुग्गुळ इतर द्रव्यांबरोबर कल्प म्हणजे मिश्रण म्हणून देतो. दोन्ही एकच नाहीत. पण 'एकच नाहीत' म्हणजे 'आमचं सिद्ध झालंय' असंही नाही, हे मी मान्य करतो. वजनासाठी मोठे, चांगले अभ्यास आमच्या कल्पांवर कमी आहेत, ते व्हायला हवेत. पुरळ मीही पाहिलंय, विशेषतः पित्तप्रकृतीत. म्हणूनच रुग्ण पंधरा दिवसांनी परत बोलावतो.

चाटी_गल्ली
वैद्यांनी मोकळेपणाने सांगितलं, बरं वाटलं. माझ्या नऊ किलोंतले किती गुग्गुळाचे, यावर आता परत विचार करतोय.

विजापूर_रोड
आमच्या घरची गोष्ट. धाकटा भाऊ, 26 वर्षांचा, जिममध्ये कुणीतरी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. चहाच तर आहे म्हणून दुप्पट घ्यायचा, तेही सकाळी रिकाम्या पोटी. तिसऱ्या आठवड्यात लघवी गडद, डोळे पिवळे. आम्ही आधी बाहेरच्या पाण्यामुळे कावीळ झाली समजून आठ दिवस घालवले. शेवटी दवाखान्यात दाखल केला. डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं घेतोस का? तो नाही म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्या कॅप्सूल त्याच्या लेखी औषध नव्हत्याच! तिसऱ्या दिवशी आईने त्याची बॅग आवरताना बाटली सापडली तेव्हा उलगडा झाला. बरा व्हायला अडीच महिने लागले.

तेव्हा वाचलेलं सांगते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये म्हटलंय की ग्रीन टीतलं ईजीसीजी हे द्रव्य पूरक म्हणून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं तर यकृताला त्रास दिसू शकतो. कपातला चहा सुरक्षितच. पण कॅप्सूल म्हणजे कितीतरी कप एका घोटात, आणि पोट रिकामं.

रानजाई, तुमच्या आईंना हे वाचून दाखवा. आणि डॉक्टरांना डबा दाखवाच दाखवा.

इंटर्न_सोलापूर
विजापूर_रोड, हे फार महत्त्वाचं. आता वॉर्डात मी 'औषधं काय घेता' एवढंच विचारत नाही. चूर्ण, काढा, पावडर, जिमचं काही, गावाकडून आलेलं काही, असं एकेक नाव घेऊन विचारतो. निम्म्या वेळा तेव्हा कुठे उत्तर येतं.

आणखी एक. ब्रुसेल्समध्ये 1990 च्या सुमारास वजन कमी करण्याच्या एका केंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत होते. एका वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरी, ॲरिस्टोलोकिया जातीची, गेली. शंभराहून जास्त लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं खराब झाली. कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. मूत्रपिंडं बिघडली ती कारखान्यातल्या रसायनाने नव्हे, वनस्पतीनेच. मूळ बदललं, एवढंच.

आयुष्यमान
आपल्याकडेही तेच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती गुळवेलच होती का, तशीच दिसणारी दुसरी जात होती? वाद आपल्या जागी. पण कुंपणावरचा वेल तोडणाऱ्या माणसाला हा फरक कळणार कसा? आम्हाला कॉलेजात पान चुरगाळून, खोड कापून ओळखायला शिकवलं, तरी कधी कधी दुसऱ्यांदा बघावं लागतं.

शेगडी
थोडं विषयांतर. आमसुलाच्या कॅप्सूलने चरबी जळते असं मोबाइलवर रोज येतंय. आमच्याकडे सार असतंच. जास्त प्यावं का?

औषधवाला
ती कॅप्सूल आमसुलाच्या चुलत भावाची, गार्सिनिया कंबोजियाची. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. दोन्हींत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं. 1998 मध्ये 135 लोकांवर 12 आठवडे चाचणी झाली. कॅप्सूलवाल्यांचं सरासरी 3.2 किलो उतरलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं 4.1! दोन्ही गटांना आहार सांगितला होता, वजन त्याने उतरलं. सार चवीसाठी जरूर प्या. कॅप्सूल नको, तिच्याने यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत.

शेगडी
आणि व्हिनेगर? त्याने वजन उतरतं असं लेबनॉनच्या अभ्यासाचं सगळीकडे आलं होतं.

औषधवाला
2024 चा तो अभ्यास मासिकाने 2025 मध्ये मागे घेतला, आकडेवारी विश्वासार्ह नव्हती म्हणून. रोज प्यायलं तर दातांच्या एनॅमलचं नुकसान मात्र होतं.

सात_रस्ता
मग काहीच चालत नाही का हो? एखादं तरी?

औषधवाला
थोडंफार चालतं, पण थोडंफारच. पाण्यात फुगणारे तंतू. कोंजॅक कंदाचं ग्लुकोमॅनन दिवसाला 3 ग्रॅम, तीन वेळा जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि आहार कमी असेल तर वजनाला हातभार लागतो, असं युरोपच्या त्याच अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये मान्य केलंय. घरातलं इसबगोलही पोट भरल्यासारखं ठेवतं. पण पाणी कमी घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये काही तासांचं अंतर लागतं. किती ते डॉक्टरांना विचारा.

कंबर_तलाव
वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं काय? भावजय घेतेय, तिचं बरंच उतरलं.

इंटर्न_सोलापूर
ती 2025 पासून आपल्याकडे आलीत, गुण मोठा आहे, त्रासही आहेत: मळमळ, उलट्या, क्वचित स्वादुपिंडाला सूज. चिठ्ठीवरच घ्यायची. पण त्यात काय आहे, किती मिलिग्रॅम आहे आणि काय बिघडू शकतं, हे कागदावर लिहिलेलं असतं. पावडरीचा डबा यातलं एकही सांगत नाही.

पूर्व_भाग
मी हे सगळं काल रात्रीपासून वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

मी अशीच एक पावडर विकते. हीच का माहीत नाही, डबा हिरवाच. आमच्या घरी यंत्रमाग होते, टॉवेलचे. दोन विकले, दोन बंद आहेत. मालकांना दम्याने काम होत नाही. सासूबाई आयुष्यभर विड्या वळत आल्या, मी पण वळल्या. हजार विड्यांना किती मिळतात ते सोलापूरकरांना ठाऊक आहे. एका डब्यामागे मला 500 रुपये सुटतात. मुलीची बारावीची फी त्यातून भरली. सभेत आम्हाला सांगतात, हे अन्न आहे, औषध नाही, काही होत नाही. मी स्वतः घेतली, माझंही उतरलं. झोप कमी झाली तर वाटलं वयामुळे.

माझ्याकडून घेणाऱ्यांत दोघी बीपीच्या आहेत. मी त्यांना काय सांगू?

विजापूर_रोड
ताई, तुम्ही लिहिलंत याला धीर लागतो. तुम्हालाही तेच सांगितलं गेलं जे घेणाऱ्यांना सांगितलं जातं.

औषधवाला
ताई, त्या दोघींना आजच फोन करा. पावडर बंद, बीपीची गोळी चालू, डॉक्टरांना भेटा, एवढंच सांगा. तुम्ही पण बीपी मोजून घ्या, कुठल्याही औषधाच्या दुकानात विचारा, मोजून देतील. पैशांचं दुःख मोठं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण उद्या त्यांच्यापैकी कुणाला काही झालं तर सभेत बोलणारा माणूस सोलापुरात सापडणार नाही, दार तुमचं वाजेल.

मालदांडी
पूर्व_भाग, तुम्ही शेंगाचटणी किंवा कडक भाकरी करता का? मी पुण्यात आहे, इथे आम्ही पंधरावीस सोलापूरकर दर महिन्याला मागवतो. निरोप पाठवते.

पूर्व_भाग
करते. निरोप मिळाला. दोघींना फोन केला. एक रागावली, पैसे परत मागितले. देईन हळूहळू.

रानजाई
उशिरा लिहितेय, धावपळ होती.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. ठोके जलद, बाकी ठीक. रक्त तपासलं: पोटॅशियम थोडं कमी, थायरॉइडचा आकडाही बदललेला. पावडर कायमची बंद. आज अकरावा दिवस, बीपी 136/86, नाडी 82. आई रात्री साडेदहाला झोपते. दीड किलो परत आलं, त्यावरून एक दिवस रडली. गणिताच्या सरांचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा म्हणाली, "म्हणजे पाणीच होतं होय." आता संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर चालायला जाते, गुडघा बोलेल तेवढंच.

आईच्या डब्यातली उरलेली पावडर तपासायला द्यावी म्हणून अन्न व औषध प्रशासनात चौकशी केली. उघडलेल्या डब्याला अर्थ राहत नाही म्हणाले. औषधवाला, पुढचं तुम्हाला माहीत असेल.

औषधवाला
हो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकही फी भरून वस्तू तपासून घेऊ शकतो, नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. पण अट आहे. विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. सीलबंद डबा आणि पावती हवी.

रानजाई
म्हणजे आत्यांच्या तोंडावर सांगायचं.

आयुष्यमान
सांगा. त्यांना गुन्हेगार ठरवायला नाही, त्यांनाही कळावं म्हणून. जमलं तर आईंना बरोबर न्या, बोलताना त्याच पुढे असू द्या.

रानजाई
आज गेलो होतो, आई आणि मी. आत्यांनी चहा टाकला. आईने सरळ सांगितलं, "वन्सं, एक नवा डबा द्या. मला घ्यायचा नाही, तपासायला द्यायचाय. पावती पण लागेल."

आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता उठून जायला सांगतात. मग कपाट उघडलं, सीलबंद डबा काढला, वहीचं पान फाडून तारीख, रक्कम लिहून सही केली. आईने 2,400 पुढे केले तर घेईनात. पैसे दिल्याशिवाय पावती खरी होत नाही असं मी म्हटल्यावर घेतले. निघताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, "मी पण घेते गं रोज. चार महिने झाले. माझीही नाडी बघतेस का?"

मशीन आईच्या पिशवीतच होतं. 112 भरली. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेतेय, तिथूनच पुढे डबा द्यायला.